भावोजींचं विशेषण

माझे भावोजी शब्दकोशाच्या कचेरीत आहेत, आणि मेलेल्या भाषेतले शब्द उभे करणं हे त्यांचं काम. मेलेली म्हणजे अशी की तिच्यात लिहिलेली एक ओळही सापडत नाही. इंग्रजी, जर्मन या तिच्या पणत्या-खापरपणत्या. त्यांचे शब्द शेजारी शेजारी मांडायचे, कुठला आवाज कुठे झिजला ते बघायचं, आणि पणजी काय म्हणत असेल ते ठरवायचं. मग शब्दाआधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे, हा कुणी ऐकलेला नाही, पण असाच असणार.

गेली कित्येक वर्षं ते 'हायलाझ' या एका विशेषणाचा कीस काढताहेत. अर्थ काय, तर धडधाकट, सबंध. त्याचं मूळ कुठलं यावर पंडितांचं अजून भांडण आहे. शिवाय ते नामाप्रमाणे लिंग, वचन, विभक्ती बदलणार, आणि वस्तू ओळखीची असली तर एक प्रत्यय घेणार, अनोळखी असली तर दुसराच. जेवताना हे सुरू झालं की ताई म्हणायची, "ती माणसं एवढं सांभाळून बोलायची, तर जेवायची कधी हो?" माझ्या बहिणीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भावोजींनाही फट मिळायची नाही.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजतं सगळं. ओठ हलतात, शब्द तेवढा बाहेर येत नाही.

भावोजींनी घरीही कचेरीतलंच सुरू केलं. डॉक्टरांनी ताईला विचारावं, दुखतं का, आणि उत्तर यांनी द्यावं. तिला चहा नकोय. तिला खिडकी उघडी हवीय. मी एकदा वैतागून म्हटलं, "भावोजी, तिला जरा वेळ तरी द्या."

"अगं, सगळ्या संसाराचा पुरावा आहे माझ्याजवळ," ते म्हणाले. "ती काय म्हणेल ते मला नाही कळणार?"

बहुतेक वेळा ते बरोबरच असायचे, हीच तर पंचाईत. हळूहळू ताईनं ओठ हलवणंही सोडलं. मला ते दिसत होतं, आणि मी हात टेकले होते.

परवा भाची आली. तिच्या गावी वाचा गेलेल्यांना रोज बोलायला शिकवतात, आणि डॉक्टर म्हणतात, जे काय परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच. ती पलंगाशी बसली. "आई, येतेस माझ्याकडे?"

फार दिवसांनी ताईचे ओठ हलले.

"नको म्हणतेय," भावोजी म्हणाले. "परक्या घरी तिला झोप लागत नाही. ती कधी कुणाकडे राहिलीय का?"

"बाबा, तिला विचारलंय मी."

"तिला बोलता आलं असतं तर ती हेच..." भावोजी म्हणत राहिले. त्यांची रजा उरली नव्हती, त्यांना ताईबरोबर जाता येणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ताईनं डावा हात उचलला. त्याला बराच वेळ लागला. तो तिनं भावोजींच्या तोंडावर ठेवला, मारला नाही, नुसता ठेवला, आणि लेकीकडे बघून होकाराची मान हलवली. मग पुन्हा हलवली, कुणाला शंका राहू नये म्हणून.

तळव्याखाली भावोजींचे ओठ हलत होते. ते काय म्हणताहेत, हे आम्ही कुणी विचारलं नाही.