कडावपुढच्या फरशीवरचा हॉल्ट

मी सैन्यात एकोणीस वर्षं ड्रायव्हर होतो. हुद्दा हवालदार. गाव कडावजवळ, तालुका कर्जत. बर्फात गाडी चालवली, वाळूत चालवली. पण सर्व्हिसमधला सगळ्यात वाईट दिवस माझ्याच तालुक्यात गेला, घरापासून चार किलोमीटरवर.

तेव्हा युनिट पुण्याकडे होतं. जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी ऑर्डर आली. कर्जत भागात पूर, फ्लड रिलीफ कॉलम सकाळी निघेल. एक जिप्सी, तीन थ्री-टन ट्रक, दोन बोटी, बावीस माणसं. कमांडर एक तरुण कॅप्टन. पहिला ट्रक मला मिळाला, कारण रस्ता माझ्या ओळखीचा. दुसरा लान्स नायक कुलदीप ठाकूरकडे.

कुलदीप हिमाचलचा, कुल्लूच्या वरच्या एका गावातला. वडील तिकडे सरकारी बस चालवायचे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तो चालायला लागल्यापासून शिकला होता. युनिटमध्ये प्रत्येकाची आपली रीत असते. पंजाबचे ड्रायव्हर हॉर्न फार वाजवतात, पण साइडही देतात. राजस्थानची पोरं पाणी दिसलं की थांबतात. आम्ही कोकणपट्टीचे पाण्याला भीत नाही, आणि तिथंच मार खातो. कुलदीप कधी घाई करत नसे. सहा वर्षं आम्ही एका बराकीत होतो.

पाच चाळीसला निघालो. सात वाजता बोरघाटात धुकं इतकं, की जिप्सीचा मागचा दिवा दिसेना. आमच्या दोन ट्रकांच्या मधे एक कार घुसली होती. वायरलेस सेटवर कुलदीपचा आवाज आला.

"टू फॉर वन. उस्ताद, आगे की कार खड़ी है क्या? ओव्हर."

"वन. चल रही है. ओव्हर."

"तो चारों बत्ती क्यों जला रखी है?"

त्याच्याकडे चारही इंडिकेटर लावले म्हणजे गाडी बंद पडली. आमच्याकडे लोक ते लावून धुक्यात साठच्या वेगाने उतरतात.

कॉलममध्ये दोन ट्रकांत पन्नास मीटर अंतर ठेवायचं असतं. आमच्या लोकांना ते अंतर म्हणजे मोकळी जागा. खोपोली येईपर्यंत प्रत्येक गॅपमध्ये तीन-तीन गाड्या घुसल्या. सव्वाआठला खालापूरच्या तहसील कचेरीत काम समजलं. कडावच्या पुढे नदीपलीकडची एक वाडी पाण्याने वेढली होती. चाळीस माणसं, त्यांत एक बाळंतीण.

खालापूर ते कर्जत एरवी पाऊण तासाचा रस्ता. आम्हाला अडीच तास लागले. रविवार होता. धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांनी दोन्ही बाजू भरल्या होत्या. समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये हे घुसलेले, आणि समोरचे यांच्या. बोटी लादलेले लष्करी ट्रक बघून कोणी बाजूला झालं नाही. काहींनी फोटो काढले. वाडीवरची बाई डोळ्यांसमोर येत होती आणि मी फर्स्ट गियरमध्ये बसलो होतो.

अकरा दहाला कडावपुढच्या फरशीपाशी पोचलो. फरशी म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल. वरून दीड फूट पाणी वाहत होतं. काठावर गावचे एक म्हातारे शेतकरी उभे होते.

"थांब रं. वरचं पानी काय नाय. खालचा भराव गेलाय. सकाळी आमची म्हस गेली, दिसली बी नाय."

कॅप्टन साहेबांनी हॉल्ट दिला. "बोट उतारो. इंजन फिट करो." माणसं कामाला लागली. मला रस्ता अडवायला सांगितलं.

पाच मिनिटांत मागून एक मोठी गाडी उभ्या ट्रकांना ओलांडून आली. मी हात आडवा केला. काच खाली झाली. नवरा-बायको, मागे दोन लहान मुलं.

"पुढे जाता येणार नाही. फरशीचा भराव वाहून गेलाय."

"आम्ही दर आठवड्याला येतो इथून. पलीकडे फार्महाउस आहे आमचं. गाडी फोर बाय फोर आहे."

"साहेब, पाणी—"

"तुम्ही पोलीस आहात का?"

मी पोलीस नव्हतो. त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. गाडी माझ्या गुडघ्यापर्यंत आली. मी हात खाली केला आणि बाजूला झालो.

मध्यावर गाडी बंद पडली. मग मागचं चाक हळूहळू कडेला सरकायला लागलं. बोटीचं इंजिन अजून बसलं नव्हतं. कुलदीपने लाइफ जॅकेट घातलंच होतं. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या ट्रकच्या हुकाला लावलं.

"साहब, जा रहा हूँ."

साहेब एवढंच म्हणाले, "जाओ."

पहिल्या फेरीत दोन्ही मुलं आणली. दुसऱ्या फेरीत बाई. तिसऱ्या वेळी तो माणूस स्टिअरिंग सोडेना. कुलदीपने त्याला ओढून काढलं, स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला आणि हात वर केला. आम्ही खेचलं. माणूस काठाला लागला. दोर परत फेकायला मी गोळा करत होतो, तेवढ्यात फरशीचा तुकडा खचला. गाडी उलटली आणि कुलदीपला घेऊन गेली. वेळ अकरा सत्तावीस.

अकरा चाळीसला बोटी पाण्यात गेल्या. एक बोट त्याला शोधायला, दुसरी वाडीकडे. संध्याकाळपर्यंत चाळीसही माणसं, बाळंतिणीसकट, सुखरूप आली. साडेचारला दोन किलोमीटर खाली बांबूच्या बेटात कुलदीप सापडला. जॅकेट अंगात होतं. मार डोक्याला होता.

चौकशीत मी सगळं सांगितलं, हात खाली केला तेही. साहेब म्हणाले, तुझी चूक नाही. कागदावरही तसंच आलं. मला ते पटलेलं नाही. आजही त्या रस्त्याला लोक तशीच गाडी घालतात. मी सांगायला गेलो की हॉर्न मारतात.

रिटायर झाल्यावर कुल्लूला गेलो. कुलदीपच्या वडिलांना भेटलो. अंगणात सफरचंदाच्या पेट्या लावत होते. त्यांनाही सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेट्यांना खिळे ठोकत राहिले. मग विचारलं, "वो दोनों बच्चे? अब तो बड़े हो गए होंगे?"

मला माहीत नव्हतं. त्या कुटुंबाचा ना युनिटला फोन आला होता, ना या घराला चिठ्ठी.

"हाँ, बाबूजी," मी म्हणालो. "स्कूल जाते हैं. बड़ेवाला आपके कुलदीप को याद करता है."