सतरा नंबरचा दगड

आता विचारलंच आहे तर सांगतो, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. खडक ओळखणं हा माझा पेशा ना? मग ऐका.

म्हैसूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रबंधाचा विषय होता कडकोळच्या बाजूचे अल्ट्रामॅफिक खडक. म्हणजे पृथ्वीच्या पोटातून आलेले जड, काळपट हिरवे दगड आणि त्यांतलं काळंकुट्ट क्रोमाइट. बावीस नमुने फोडले, प्रत्येकावर पांढरा रंग लावून लाल नंबर टाकला आणि पोतं लष्कर मोहल्ल्यातल्या घरी आणलं.

आई म्हणाली, "अय्यो, किती ही माती! ठेव, मी धुते." धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. शेजारीच सांडगे घातले होते, त्यांच्याखालचं लुगडं उडू नये म्हणून चार दगड त्याच्या कडांवर गेले.

संध्याकाळी मी मोजले. बरोब्बर बावीस. एकावर नंबर नव्हता आणि यादीत सतरा नंबर कमी होता. धुताना रंग गेला असणार! मी पुन्हा सतरा लिहून मोकळा झालो. एवढा हुशार मुलगा दुसरं काय करणार?

सतराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर क्रोमाइटचा एक दाणा नाही. साधा डोलेराइट नावाचा काळा दगड! मी खूश. अल्ट्रामॅफिक खडकाला चिरत वर आलेला दुसऱ्या खडकाचा पट्टा, म्हणजे डाइक, आजवर कुणालाच दिसला नव्हता, मला दिसला. नकाशावर ठसठशीत काढला. दगड एका बाजूने फार गुळगुळीत होता. त्याचंही कारण लिहिलं: 'ओढ्याच्या पाण्याने घासलेला.'

प्रबंधाचे मार्गदर्शक सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "चल, दाखव. नाही दिसला तर हा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

तोंडी परीक्षेला आठ दिवस होते. सकाळपासून आम्ही उन्हात फिरलो. सतरा नंबरच्या जागी ना डाइक, ना ओढा. पाणी म्हणाल तर फक्त सरांच्या बाटलीत होतं, तेही संपलं. माझं वर्ष जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. परतताना सरांना घरी जेवायला नेलं. दुसरं सुचलंच नाही.

आईने पान मांडलं. लिंबाचं लोणचं वाढायला बरणीच्या झाकणावरचा दगड उचलून खाली ठेवला. धप्प! सरांचा घास हातातच राहिला.

"एनप्पा, काय रे हे, एवढासा दगड आणि एवढा जड?"

त्यांनी बरणी तिरकी केली आणि बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासला. तपकिरी रेघ. अशी रेघ क्रोमाइटची! मग दगड उलटा केला. पांढऱ्या ठिपक्यावर लाल सतरा.

"हा इथे कसा आला?" मी ओरडलो.

"मीच घेतला की," आई म्हणाली. "केवढी ती रास, एक घेतला तर काय झालं? झाकणावर छान दाब बसतो. पण माझं जुनं गुंडू कुठे गेलं रे? लुगड्यावर ठेवलेलं, दोन महिने शोधतेय."

गुंडू म्हणजे रगड्यात फिरवायचा दगड. त्याचा अर्धा तुकडा. मी तो विद्यापीठात नेऊन कापला होता. आणि तो ओढा? तीस वर्षांची खोबऱ्याची चटणी!

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सरांनी शांतपणे ताक संपवलं. "डाइक खोड. खऱ्या सतराचा काप कर. आणि आभारात एक ओळ घाल."

ओळ त्यांनीच सांगितली: 'सतरा क्रमांकाचा नमुना ओळखून दिल्याबद्दल माझ्या आईचा ऋणी आहे.' आई चौथी शिकलेली.

प्रबंध तपासून परत आला तेव्हा पानोपानी लाल शाई होती. सरांनी हात न लावलेली तेवढी एकच ओळ.