दुर्वांचा आळ

"यानं वेगळं काही खाल्लंय का? कागद, प्लास्टिक, काहीही?" असं सशाला तपासत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो. हे खोटं होतं, ही गोष्ट मी आपण होऊन आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. ज्या दोन माणसांना खरं ठाऊक आहे, त्यांतल्या एकीने ते नुसत्या वासावरून ओळखलं आणि दुसऱ्याला मी तिने भाग पाडलं म्हणून सांगितलं. गणपतीची कृपा झाली असं मी चारचौघांत म्हणतो आणि ते मी मनापासून म्हणतो. पण ती कृपा कोणत्या वाटेने आली, हे सांगायचं तर आधी हा नकार सांगावा लागतो.

चाकणच्या एका कंपनीत मी गेली बावीस वर्षं तपासणी खात्यात आहे. गिअरचे भाग बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. दिसतं ते खरं धरायचं नाही, आधी संशय घ्यायचा, मग मोजायचं, हेच माझं काम. ही सवय कंपनीच्या बसमधून रोज माझ्याबरोबर आकुर्डीला घरी येते. दूधवाला, वॉचमन, औषधाची बाटली, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, "तुम्ही आरतीचं ताटसुद्धा उलटं करून बघाल."

ससा माझ्या मुलीचा. नाव पिठ्या, कारण आणला तेव्हा नुकताच गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसायचा. मुलगी शिकायला नाशिकला गेली तेव्हा तिने कपड्यांच्या आधी पिठ्याची यादी करून दिली. काय खायला द्यायचं, काय नाही, पाणी कधी बदलायचं. शेवटी लिहिलं होतं, "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवतेय." माझ्यावर कुणी भरवसा ठेवला की मला उगाच दडपण येतं. तरी मी यादी पाळली. एका गोष्टीत मात्र मी स्वतःची हुशारी चालवली.

पिंजऱ्याखाली रद्दी पेपर घातला की तो भिजून फाटायचा. आमच्या कंपनीत सुटे भाग गंजू नयेत म्हणून ते एका पिवळट, औषध लावलेल्या कागदात गुंडाळतात. जाड कागद, पाणी सहज झिरपत नाही. त्याचे उरलेले तुकडे इकडे कितीतरी घरांत सापडतील. फडताळात अंथरलेले, डब्यांखाली घातलेले, पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणूनसुद्धा. मीही आणले. गठ्ठ्यावर सूचना असते की हा कागद खाण्याच्या वस्तूंना लागू देऊ नये. ती सूचना नव्या लोकांना वाचून दाखवणारा माणूस मीच. तरी मला वाटलं, ससा काही कागद खात नाही. ससा कागद खातो, हे मुलीच्या यादीत तिसऱ्या ओळीला लिहिलेलं होतं.

एके दिवशी पहिली शिफ्ट करून घरी आलो तर पिठ्या कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेला. कान गार. सकाळचा पाला तसाच, आणि पिवळ्या कागदाची एक कड दातांनी कुरतडून संपवलेली. मला क्षणात कळलं. तपासणीतल्या माणसाला दोष कुठे आहे हे शोधायला वेळ लागत नाही. तो आपला असला तर लपवायलाही लागत नाही. मी कागद ओढून काढला. कचऱ्याच्या डब्यापाशी बायको उभी होती, म्हणून घडी करून पिंजरा आणि भिंत यांच्या फटीत सरकवला. मग आम्ही पिठ्याला टोपलीत घालून चिंचवडला डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे मी तो नकार दिला, कारण बायको शेजारीच उभी होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. सशाचं पोट थांबलं की जीव धोक्यात येतो, असं त्यांनी समजावलं. दर दोन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवा, पोट हलक्या हाताने चोळा, ऊब द्या. "लेंड्या सुरू झाल्या तर वाचला असं समजा. परवापर्यंत नाही झाल्या तर माझ्या हातात फार काही नाही."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, त्यानं खाल्लं काय?" बायको माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "देवळापाशी त्या मावशी बसतात ना, त्यांच्या दुर्वा. औषध मारलेल्या असणार."

आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या देवळाबाहेर चतुर्थीला आणि मंगळवारी एक म्हातारी दुर्वा विकायला येते. चाकणजवळच्या निघोज्याची. जमीन गेली, कंपन्या आल्या, पण घरामागचा तुकडा राहिला, तिथल्या दुर्वा खुडून ती जुड्या बांधते. मी तिच्याकडून दोन जुड्या घ्यायचो, एक देवाला आणि एक पिठ्याला. वर्षभर त्याने त्या खाल्ल्या होत्या आणि त्याला शिंकसुद्धा आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. बायको म्हणाली, "मग त्यांना जाऊन विचारा तरी. बाकीच्यांच्या घरीही जातात त्या दुर्वा." न जाणं म्हणजे माझा मीच सापडणं. मी गेलो. फक्त विचारायचं असं ठरवून गेलो होतो. पण देवळाबाहेर रांगेत सात-आठ बायका उभ्या होत्या, मावशींनी नेहमीसारखं "आलं का दादा, तुमच्या जुड्या बाजूला ठिवल्यात" म्हटलं, आणि त्या मायेनेच माझा तोल गेला. मी ओरडलो, "देवाच्या नावाखाली विष विकता? माझा ससा मरायला टेकलाय तुमच्या दुर्वांनी."

रांगेतल्या एका बाईने हातातली जुडी हळूच पाटीत परत टाकली. मग दुसरीने. मावशींनी काही वाद घातला नाही. फक्त विचारलं, "कवापासून आजारी हाय?" मी उत्तर न देता निघालो. वळून पाहिलं तेव्हा त्या पाटी आवरत होत्या.

त्या दिवशी मी उपास केला, पण देवाला दुर्वा वाहिल्या नाहीत. कशा वाहणार? सोळा वर्षांत पहिल्यांदा आमचा गणपती दुर्वांवाचून बसला. हात जोडले तर तो माझ्याकडे, मी लोकांकडे बघतो तशा नजरेने बघतोय असं वाटलं. जणू टेबलावर मीच ठेवलेला. पिठ्याचं काही हललं नाही. सिरिंजने घातलेलं हनुवटीवरून ओघळत होतं. मला डॉक्टरांचाही संशय येऊ लागला, बायकोचाही. हिला कळलंय का? पिंजऱ्यामागे हात घातला असेल का? विचारायची तर सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दहाच्या सुमाराला खालून वॉचमनचा फोन आला. "साहेब, एक मावशी आल्यात. सशाला बघायचंय म्हणतात."

पहिला विचार हाच की ही भांडायला आली. दुसरा, सोबत गावची पोरं असतील. दार उघडलं तर ती एकटीच. हातात कापडी पिशवी, घामाघूम झालेली. दोन बस बदलून आली होती. पत्ता देवळापाशीच्या फुलवाल्याने दिला होता.

"भांडाया न्हाई आले," ती दारातच म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन मुकं जनावर पडलं म्हणता, मग मला बघाय नगं?"

तिला आत घेऊन बायको चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. मी मात्र पिंजऱ्याजवळून हललो नाही. मावशींनी पिठ्याला मांडीवर घेतलं, पोटाखाली तळवा सरकवला. "गार पडलाय रं. शेरडाचं पोट फुगतं तसंच ह्ये. आन् रुसलाय कसा बघा, मानपान ऱ्हायलेल्या जावयागत." मग पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दुर्वा काढल्या. मी मध्ये हात घातला. "नको. आता आणखी काही नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जुडीतल्या चार-पाच काड्या उपसल्या, स्वतःच्या तोंडात घातल्या आणि सावकाश चावून गिळल्या. बाकीची जुडी पिठ्याच्या नाकापाशी धरली. त्याने मिशा हलवल्या, खाल्लं नाही.

"ह्याला जरा उन्हाला घेऊ," म्हणून त्यांनी पिंजरा गॅलरीकडे ओढला. भिंतीच्या फटीतली घडी खाली पडली.

त्यांनी ती उचलली, उलगडली, कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेली. निघोज्यात हा कागद कुणाला नवीन आहे? "आमच्यात बी आणत्यात ह्यो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्या शेरडाच्या वाऱ्यालासुदिक ठिवत न्हाई." माझी मान खाली गेली. इतक्यात बायको चहा घेऊन आली. मावशींनी कागदाची घडी केली, आपल्या पिशवीत टाकली आणि तिला म्हणाल्या, "पिंजऱ्यामागं कचरा हुता ताई, काढला."

बायको साखर आणायला आत वळली, तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या, "डाक्टरला सांगितलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सांगा. आत्ता. म्या बसते ह्याच्यापाशी."

गॅलरीचं दार ओढून घेऊन मी फोन लावला. कागदाचं सांगितलं, कसला ते सांगितलं, परवा खोटं बोललो तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत. पण बरं झालं, आता तरी सांगितलंत." त्यांनी एक औषध बंद केलं, दुसरं लिहून पाठवलं. फोन ठेवल्यावर मी तिथेच उभा राहिलो. खाली रस्त्यावर कंपनीच्या बसेस जात होत्या. मी गणपतीला म्हणालो, आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही, तुला करायचं ते कर. सोळा वर्षांच्या उपासांत मी त्याच्याकडे बढती मागितली, फ्लॅट मागितला, मुलीला मार्क मागितले. त्या दिवशी मी लेंड्या मागितल्या. इतकी साधी आणि इतकी खरी प्रार्थना माझ्याकडून आधी कधी झाली नव्हती.

मावशी दुपारपर्यंत थांबल्या. तव्यावर फडकं गरम करून पिठ्याचं पोट शेकलं, बायकोला चोळायची रीत दाखवली. चहाशिवाय काही घेतलं नाही. त्या गेल्यावर माझ्या मनात काय आलं, तेही सांगतो. तो कागद तिने का नेला? उद्या देवळापाशी सगळ्यांना दाखवणार. किंवा जपून ठेवणार. मला वाचवायला आलेल्या बाईवरचा संशय अजून माझ्या मनातून गेला नव्हता. स्वभाव इतक्या सहज सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा उघडला तर कोपऱ्यात लेंड्या पडलेल्या. बारक्या, कोरड्या, काळ्या मिऱ्यांसारख्या. मी त्या तळहातावर घेतल्या आणि जमिनीवर बसून रडलो. बायको धावत आली, तिला वाटलं ससा गेला. मी हात पुढे केला. ती बघतच राहिली आणि मग हसायला लागली. "अहो, प्रसाद धरावा तसं काय धरलंय ते." मावशींनी ठेवलेल्या जुडीतली एक काडी मी पिठ्यापुढे धरली. त्याने ती टोकापासून ओढत ओढत आत घेतली. उरलेल्या दुर्वा मी धुतल्या आणि देवाला वाहिल्या.

औषधाचा गुण की उबेचा, की पिठ्याचं आयुष्यच होतं, हे मी शोधत बसलो नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी तपासणीविना सोडली आहे. मला इतकंच ठाऊक आहे, की ती बाई दोन बस बदलून आली नसती तर मी तो फोन केला नसता. ज्याच्यावर आपण आळ घेतला त्याच्याच हाताने देवाने मदत पाठवावी, आणि त्या हाताने आपली लाजही झाकावी, याला कृपेखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

पुढच्या मंगळवारी मी देवळात गेलो. मावशी होत्या, पाटी मात्र बरीचशी भरलेली होती. मी घाबरत विचारलं, "मावशी, तो कागद..."

"त्यो? घरी न्हेऊन त्याच दिशी जाळला," त्या म्हणाल्या. "पिठ्या कसा हाय?"

"बरा आहे," एवढंच मी म्हणालो. शेजारी माणसं होती. त्यानंतर किती मंगळवार गेले, किती चतुर्थ्या गेल्या. दर वेळी त्या दोन जुड्या बाजूला काढून ठेवतात, दर वेळी पिठ्याचं विचारतात, आणि पूर्वी त्यांच्याकडून घेणाऱ्या कितीतरी बायका आता पुढच्या फुलवाल्याकडून दुर्वा घेतात. घरात पिठ्या धडधाकट आहे. मुलगी सुट्टीत आली की अजून म्हणते, "त्या आजींकडून आणू नका हं बाबा." मी "बरं" म्हणतो आणि दुर्वा पिशवीच्या तळाशी ठेवून आणतो.

शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं, असं मी समजत होतो. ते सोपं आहे, देव कुणाला सांगत नाही. उरलेली शरणागती माणसांपुढे आहे. हे लिखाण आधी बायको वाचेल, मग मुलगी. त्यांच्यापुरतं ते होईल. पण मावशींचं माझ्याकडे राहिलेलं एवढ्याने फिटत नाही. येत्या संकष्टीला सकाळी, देवळाबाहेर रांग असताना, मी ओरडलो होतो त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात मला सांगायचं आहे, की दुर्वांत काही नव्हतं, कागद माझा होता.