‘हुकूम टाकावा’

“चिठ्ठीत जे लिवलं, तेच भेटन,” असं म्हणत ते बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवत आणि ती खिडकीतून पुढे सरकवत. धाडच्या सरकारी दवाखान्यातले आमचे कंपाउंडरसाहेब. असा हट्टी माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, मी शाळेत मास्तर होतो. रविवारी पत्त्यांत मेंढीकोटला आम्ही दोघं भिडू. मी घाईनं पान टाकलं की ते चष्म्यावरून बघत. “गुरुजी, तुमच्यापेक्षा तुमचे पोट्टे बरे.”

एका गणपतीत मंडळानं मेंढीकोटची स्पर्धा ठेवली. आम्ही शेवटच्या डावापर्यंत पोचलो. समोर मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्या, आणि पंच खुद्द अध्यक्ष. फळ्यावर नियम होता: ‘उतारीचा रंग नसल्यास झाकलेला हुकूम उघडावा व हुकूम टाकावा.’

उतारी, म्हणजे पहिलं पान, बदामाची होती. कंपाउंडरसाहेबांकडे बदाम नव्हतं. त्यांनी हुकूम उघडायला लावला, इस्पिक निघालं. त्यांच्याजवळ इस्पिकचा एक्का तेवढा होता. तो हलक्या हातावर न घालवता त्यांनी किलवरची तिर्री टाकली. पुढे एक्का बाहेर पडताच पुतण्यानं पानं फेकली.

“हुकूम असून दाबून ठेवला. लबाडी हाय हे.”

“टाकावा, असं लिवलं हाय,” कंपाउंडरसाहेब म्हणाले. “टाकलाच पाह्यजे, असं कुठी हाय?”

“टाकावा म्हंजे टाकाच लागते,” अध्यक्ष उभ्यानंच म्हणाले.

“त्याच फळ्यावर ‘सर्वांनी खाली बसावे’ बी हाय. मंग तुमी लबाड का?”

मांडव हसला. अध्यक्षांना ते झोंबलं. त्यांनी भोंग्यावरून जाहीर केलं: लबाडी केल्यामुळे जोडी बाद. मी घसा बसेपर्यंत भांडलो. कोणी ऐकलं नाही.

तो शब्द कंपाउंडरसाहेबांना चिकटला. लोक खिडकीशी बाटली उजेडात धरून विचारत, “साहेब, औषध पुरं हाय ना? का दाबून ठेवलं?” उभी हयात मापानं औषध दिलेला माणूस. एकदा मी असं विचारणाऱ्या एकाची गचांडी धरली, तर कंपाउंडरसाहेबांनीच सोडवलं. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोनाळ्याला.

पुढच्या गणपतीत फळ्यावर होतं: ‘हुकूम टाकलाच पाहिजे.’

मी अध्यक्षांना गाठलं. “मागच्या साली हे नव्हतं. म्हणजे ते लबाड नव्हते.”

“खेळ होता तो, गुरुजी. आता कायले उकरता?”

आजही हे आठवलं की माझी कानशिलं तापतात.

मी एस.टी.नं सोनाळ्याला गेलो आणि कंपाउंडरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नी चहा ठेवून तिथेच उभ्या होत्या.

“मंग हे धाडच्या लोकाइले सांगितलं का अध्यक्षाइनं? तुमी तरी?”

“नाही, वहिनी.”

त्यांनी माझ्यापुढचा चहा उचलला आणि आत नेला. कंपाउंडरसाहेबांनी त्यांना अडवलं नाही.