कडा, दोर आणि बशीर

कड्यावरून दोराने उतरताना माणसाला स्वतःची खरी ओळख पटते, असं म्हणतात. परवा दुकानात अंबाडीच्या दोराचा वास आला आणि साठ-पासष्ट सालच्या सुमाराचा साताऱ्याचा किल्ला आठवला.

मांडीखालून, खांद्यावरून दोर घेऊन मी काठावर पाठमोरा उभा होतो. पाय हलेनात. माझ्याआधी उतरलेला, तासगावचा बशीर खालून ओरडला, “गड्या, मागं रेल की! दोर लय पक्का हाय!”

“तुटला तर?”

“तर लवकर पोचशील!”

रेललो. पायाखाली तापलेला खडक, खांद्यावर दोराचा चटका, पाठीमागे नुसता वारा. इतका हलका मी पुढे कधीच झालो नाही.

खाली बशीरने कडकडून मिठी मारली. मग दोराची गाठ सोडायला दोघेही पायवाटेने पुन्हा वर गेलो.