तोफेची पितळी नळी

टेबलावर लढाई खेळायचे चिमुकले रणगाडे मी घरी बनवतो. तोफेसाठी लावलेली पेनाची रिफिल वाकायची, म्हणून धातूची बारीक नळी शोधत मी दिग्रसला फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडे गेलो. त्या वर्षी कापसावर कीटकनाशक फवारणारी माणसं विषबाधा होऊन दवाखान्यात भरती होत होती. पंप उघडण्याआधी तो दर वेळी नाकातोंडाला फडकं बांधायचा.

त्याच्याकडच्या पंपांच्या जुन्या भागांच्या ढिगातली एक पितळी नळी मला हुबेहूब तोफेसारखी वाटली. आतली धूळ काढायला मी ती ओठांशी नेली, तोच त्यानं फटका मारून ती खाली पाडली.

“फुकू नका जी! नोजल चोकलं, तं माह्या भावानं असंच फुकलं होतं.”

मग तो माझ्या ओठांकडेच बघत राहिला. नळी ओठांना लागली होती का, ते मला आठवेना. घरी पोचेपर्यंत मी ओठांवरून जीभ फिरवली नाही.