काठावरच्या चपला
ओल्या रबरी चपलांचा वास आला की मला अनसिंग गावाजवळचा तो तलाव आठवतो. लांब पल्ल्याच्या माझ्या पहिल्या ट्रायथलॉनला महिना उरला होता. सायकल आणि धावणं जमत होतं, धास्ती होती ती पोहण्याची. म्हणून त्या सकाळी घरी न सांगता गेलो, सायकलशेजारी कपडे अन् चपला ठेवल्या आणि दोन तास पोहायचं ठरवून उतरलो. पलीकडून वळताना मान वर केली, तर चपलांजवळ शेळ्या चारणारी एक बाई उभी होती. पुढच्या वेळी पाहिलं तर दहा माणसं, मग वीस. कोणीतरी बुडालं असावं, असा विचार आला. खाली हिरवट पाण्यात पाहवेना. बुडालेल्याचा हात आपल्या पायाला लागेल असं वाटत, श्वास चुकवत मी कसाबसा काठाकडे आलो. गर्दीच्या मधोमध माझे बाबा बसले होते. सायकल ओळखून त्यांना कोणी बोलावून आणलं होतं आणि माझ्या चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या. "पोरगं तं जित्तं हाय," ती बाई म्हणाली. बाबांनी चपला माझ्यापुढे ठेवल्या. मग म्हणाले, "उद्यापासून मी येतो. चपला माह्याजवळ देत जाय." आता स्पर्धा दूर समुद्रावर असतात, तिथवर त्यांना येणं होत नाही. पाण्यात उतरण्याआधी मी फोन करतो. अंतर, वेळ ते काहीच विचारत नाहीत, "चपला कोणाजवळ देल्या?" एवढंच विचारतात. चपला पिशवीत भरून शेकडो स्पर्धकांच्या पिशव्यांच्या ढिगात टाकलेल्या असतात, तरी मी सांगतो, "हायेत एकाजवळ."